मागायला गेले आणि सरळ स्वस्तिक काढून आले

ईरा आणि ओम,

पाडव्याला मी तुम्हाला फोनवर गुढी दाखवली तेव्हा ओमनं विचारलं, "आजी, ही तिरकी का आहे?" तुमचे बाबा मागून हसले आणि म्हणाले, "आईच्या घरात तिरकी वस्तू? नेट खराब असेल." नेट चांगलं होतं. गुढीच तिरकी होती. त्या वेळी घरात पाहुणे होते म्हणून मी विषय बदलला. त्याआधी एक जानेवारीला ईरानं विचारलं होतं, "आजी, तुझं या वर्षीचं रिझोल्यूशन काय?" आणि मी म्हणाले होते, गुडघ्यांचे व्यायाम. ते खरं नव्हतं. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते मला स्वतःलाही अजून पुरतं उलगडलेलं नाही. म्हणून लिहून पाहते.

देवाकडे काही मागणं मला कधी जमलं नाही. माझे वडील रेल्वेच्या कचेरीत होते. ते म्हणायचे, देवाला कामं सांगू नयेत, त्याच्यामागे आधीच पुष्कळ आहेत. पुढे मी पस्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. तिथे सवय लागली ती प्रत्येक गोष्ट तिच्या जागी ठेवण्याची. कपाटात एखादं पुस्तक उलटं दिसलं की माझा हात आपोआप पुढे होतो, अगदी दुसऱ्याच्या घरीसुद्धा. पूजा मी रोज करते, पण खरं सांगायचं तर धूळ पुसावी तशी: ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमानं. वर कोणी ऐकत असेल का, हा प्रश्न मी कधी लावूनच धरला नाही. दर नव्या वर्षी मात्र डायरीच्या पहिल्या पानावर दहा संकल्प लिहायचे आणि डिसेंबरात त्यांच्यापुढे खुणा करायच्या, हा माझा नेम. या वर्षी त्या पानावर एकच ओळ होती, आणि ती पार पाडणं माझ्या हातात नव्हतं.

ती ओळ इंदूरजवळच्या महूच्या विमलकाकीबद्दल होती. तुम्ही तिला लहानपणी पाहिलंय, आठवत नसेल. ती माझी धाकटी जाऊ, तुमच्या आजोबांच्या भावाची बायको. तीस वर्षं आमचं फार चांगलं होतं. मी तिला इंग्रजी पत्रं लिहून द्यायची, ती मला लोणची घालून द्यायची. सात वर्षांपूर्वी ते तुटलं, आणि तुटलं ते एका गुढीवरून.

विमलचे यजमान गेल्यावर वर्षभर घरात सण नव्हते. वर्ष झाल्यानंतरच्या पहिल्या पाडव्याला तिनं आम्हाला महूला जेवायला बोलावलं. आम्ही फाटकातून आत शिरलो तर व्हरांड्यात गुढी उभी होती. काठी एका बाजूला कललेली, साडीच्या निऱ्या सुटलेल्या, वरचा तांब्या आता पडतो की मग असा. विमल आत स्वयंपाकघरात होती. मी पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढलं, तुमच्या आजोबांना म्हटलं, "धरा हो काठी," आणि ती गुढी उतरवून, सगळं सोडवून, पुन्हा नीट बांधली. बांधून मागे वळले तर विमल नैवेद्याचं ताट घेऊन दारात उभी. तिनं एकदा गुढीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं. सवाष्णीच्या हातची झाली." सवाष्ण म्हणजे जिचा नवरा हयात आहे ती. मग तिनं आम्हाला वाढलं, आग्रहही केला, आणि त्यानंतर ती कधी आमच्याकडे आली नाही.

मला खरोखर कळलं नव्हतं. घरात पुरुष नसताना, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता तिनं ती गुढी एकटीनं उभारली होती. तिचं पुन्हा सुरू होणं होतं ते, आणि मी ते तिच्याच दारात उतरवलं होतं. मला दिसली ती फक्त काठी. आठवड्यानं मी फोन करून तिला समजावलंसुद्धा, "अगं, तसं काही माझ्या मनात नव्हतं, तिरकी होती म्हणून सरळ केली." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, किती हळवी आहे ही! तीन वर्षांपूर्वी तुमचे आजोबा गेले तेव्हा ती आली होती. बायकांत बसली, माझ्या हातात चहाचा कप दिला, आणि न बोलता निघून गेली.

डिसेंबरच्या शेवटी तिच्या मुलीचा, केतकीचा, घरच्या ग्रुपवर मेसेज आला. महूचं घर विकलंय, पाडवा झाला की ती आईला पुण्याला घेऊन जाणार, कायमची. तो मेसेज मी किती वेळा वाचला कोण जाणे. विमल सत्तरीला आली, माझी पंच्याहत्तरी झाली. पुण्याला गेल्यावर आम्ही पुन्हा भेटू असं मानायला काही आधार नव्हता. जे काही व्हायचं ते तीन महिन्यांत व्हायला हवं होतं, आणि ते कसं व्हावं हे मला सुचत नव्हतं.

तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी मागायला गेले, खजराण्याच्या गणपतीला. एक जानेवारीला अख्खं इंदूर तिथे असतं, म्हणून मी दोन तारखेला गेले. इथली रीत तुम्हाला सांगायला हवी. मंदिराच्या मागच्या भिंतीवर, गणपतीच्या पाठीशी, लोक कुंकवानं उलटं स्वस्तिक काढतात आणि मनातलं मागतात. मागितलेलं मिळालं की परत येऊन सरळ काढायचं, म्हणजे आभार पोचले. तुमच्या तिकडे हे चिन्ह पाहून लोक का दचकतात ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे ते वहीच्या पहिल्या पानावरचं, उंबऱ्यावरचं, फार घरगुती चिन्ह आहे. उलटं का काढायचं, असं मी फुलवालीला विचारलं तर ती म्हणाली, "हमने उल्टा टांग दिया अम्मा, अब सीधा करना उनका काम."

काय मागायचं ते मी घरून चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. तीनदा खोडून एक वाक्य नीट जमवलं होतं: "विमलचा गैरसमज दूर होवो." रांगेत ते दोनदा वाचलं, भिंतीपाशी पोचले, कुंकवात बोट बुडवलं, डोळे अर्धे मिटले आणि काढलं. चार ठिपकेसुद्धा दिले.

"अरे अम्मा! ये क्या कर दिया? सीधा बना दिया!"

मागे पन्नाशीची एक बाई होती. अंगात सफाई कामगारांचं चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट, हातात डब्याची पिशवी. कामावरून सरळ आली असावी. मी भिंतीकडे पाहिलं. स्वस्तिक अगदी सरळ होतं, रेखीव, रुखवतात मांडावं असं. माझ्या हातानं त्याची सवय पाळली होती. मी घाबरून पदरानं पुसायला गेले तर तिनं माझं मनगट धरलं.

"मिटाओ मत. मांगने आई थीं?"

"हां."

"और थैंक्यू बोल दिया!" ती मोठ्यानं हसली. भोवतीच्या दोघीतिघी पण हसल्या. मी म्हटलं, बाजूला एक उलटं काढू का? ती म्हणाली, "दो-दो बनाओगी तो भगवान कन्फ्यूज हो जाएंगे. जो हाथ से निकल गया, निकल गया. अब तो घर जाओ और ऐसे रहो जैसे मिल गया. बाकी इनकी जिम्मेदारी." आणि तिनं भिंतीकडे अशी मान केली, जणू पलीकडच्या खोलीत कोणी ओळखीचं बसलंय. मी तिचं नाव विचारणार तोवर रांग पुढे सरकली होती.

घरी येईपर्यंत मला स्वतःचा राग येत होता, आणि घरी आल्यावर कुतूहल वाटू लागलं. जुन्या पाकिटाच्या पाठीवर मी उलटं स्वस्तिक काढून पाहिलं. पाचदा काढलं, चारदा सरळ आलं. मग वाटलं, ती बाई म्हणाली तसं करून तरी पाहावं. मिळालंय असं समजून राहायचं, तर नेमकं काय करायचं? विमल आणि मी पुन्हा बोलू लागलोय असं धरलं, तर माझ्या दिवसात काय बदलेल? मी कागद घेतला. संक्रांतीला मी तिला फोन केला असता. तिचा एक स्टीलचा डबा, झाकणावर तिचं नाव कोरलेला, सात वर्षं माझ्या फडताळात पडून आहे, तो परत दिला असता. आणि मग आभाराचं वाक्य लिहायला गेले, कारण भिंतीवर आभार मानून झाले होते, ते कशाबद्दल हे कुठेतरी लिहायला हवं. चिठ्ठी काढली. "विमलचा गैरसमज दूर झाला, आभारी आहे." हे वाक्य लिहिलं खरं, पण मला ते पटेना.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, प्रुफं तपासावीत तसं. चूक शोधायला वेळ लागला, पण सापडली. गैरसमज विमलचा होता, हे मी देवाला आधीच सांगून टाकलं होतं. मागायला गेले तेव्हाही मी तिलाच सरळ करून मागत होते. आणि आणखी एक गोष्ट दिसली. तुमचे आजोबा गेल्यापासून मी गुढी उभारलेली नव्हती. कोणी मनाई केली नव्हती. काठी गॅलरीत दारामागे उभी होती. पण दर पाडव्याला मी तिच्यापर्यंत जायची आणि हात पुढे व्हायचा नाही. लोक काय म्हणतील, शास्त्रात काय आहे, कोण जाणे कसली भीती होती ती. जिथे माझा हात अडला होता, तिथून विमल सात वर्षांपूर्वी एकटी पुढे गेली होती. तिची गुढी तिरकी का होती हे मला तेव्हा कळलं. तशी गुढी उभारताना काठी धरायला दुसरं कोणी नसतं.

ती चिठ्ठी मी फाडली.

संक्रांतीला फोन लावला. दोनदा वाजला आणि कट झाला. उचलला नाही असं नव्हे, कापला. फेब्रुवारीत पुन्हा लावला, तसंच. मार्चच्या सुरुवातीला तिसऱ्यांदा लावला, पुन्हा कापला. त्या दिवशी मी फार खचले. मला वाटलं, कसलं स्वस्तिक आणि कसली जिम्मेदारी! शिकलेली बाई मी, एका अनोळखी बाईच्या थट्टेवर दोन महिने काढले. रोज सकाळी आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी येते तेव्हा मी त्या जॅकेटांमध्ये तिचा चेहरा शोधायची. एकदा तिथल्या बाईला तिचं वर्णन आणि बोलणं सांगून विचारलंही. ती म्हणाली, "अम्मा, ऐसे तो हमारे यहां आधी औरतें बोलती हैं." म्हणजे शोध संपला. पण आभार मानून झाले होते, ते परत कसे घ्यायचे? त्याची काही रीत नाही. एवढ्या एका अडचणीमुळे मी पुढे गेले, हे प्रामाणिकपणे सांगते. त्याला श्रद्धा म्हणावं की हिशेबीपणा, तुम्ही ठरवा.

पाडव्याच्या सकाळी मी श्रीखंड केलं, विमलच्या डब्यात भरलं, आणि न कळवता टॅक्सीनं महूला गेले. वाटेत काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते, पण एकही वाक्य टिकेना, म्हणून ते सोडून दिलं. सातच्या सुमाराला फाटकाशी उतरले. व्हरांड्यात खोकी रचलेली होती, आणि खोक्यांच्या मध्ये गुढी. तशीच तिरकी. किंबहुना जास्तच.

माझा उजवा हात उठला. मला तो उठलेला दिसला, जसा दुसऱ्या कोणाचा दिसावा. मी तो डब्यावर ठेवला आणि डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. तेवढ्यात विमल बाहेर आली. वाळली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, गुढीकडे पाहिलं.

"काय बघताय वहिनी? टेढी आहे ना?"

"हो. तिरकी आहे."

"मग?"

"मग काही नाही. छान आहे. राहू दे." आणि पुढचं कुठून आलं ते ठाऊक नाही, कारण वाटेत जुळवलेल्या वाक्यांत ते नव्हतं. "विमल, त्या दिवशी तुझी गुढी मी उतरवायला नको होती. चूक माझी."

तसं माझ्या मनात नव्हतं, हे त्याच्यापुढे जोडायला जीभ वळवळली. मी ते जोडलं नाही. विमल पुढे आली आणि माझ्या हातातल्या डब्याचं झाकण निरखून म्हणाली, "अरे! हा माझा डबा! सात साल झाले शोधतेय, कामवालीवर शक घेतला हो मी!" आणि आम्ही दोघी हसायला लागलो, आणि हसता हसता दोघींचं रडू झालं. केतकी आतून धावत आली, मोठ्या काकूला काय झालं म्हणून.

चहा पिताना मी विचारलं, "माझे फोन का कापायचीस?"

"मी?" विमलनं फोन पुढे केला. "या केतकीनं दिवाळीला हा नवा दिलाय. उचलायला जाते तर कट होऊन जातो. संक्रांतीला तुमचं नाव आलं, मी तिळाचे हात धुऊन पळत आले, बोट फिरवलं, तर बंद. मला वाटलं तुम्हीच कापला. मग म्हटलं, हिंमत होत नसेल वहिनींची."

"आई, मी पन्नासदा दाखवलं हिरवं कुठलं आणि लाल कुठलं," केतकी म्हणाली.

"मग तू पण फोन केला नाहीस," मी म्हटलं.

"तुम्ही मोठ्या ना. वाट बघत होते."

इथे मला थांबावंसं वाटतं. म्हणजे संक्रांतीला ती पळत आली होती. मी मार्चपर्यंत ज्याला नकार समजत होते, त्याच्या पलीकडे एक बाई तिळाचे हात धुऊन फोनकडे धावत होती. दोन जानेवारीला ती कोणत्या मनःस्थितीत होती ते मी तिला विचारलं नाही. मला विचारायचं होतं, तुम्ही मला ओळखता. पण भिंतीवर मानलेले आभार खरंच वेळेआधी मानले होते का, याची मला आता खात्री देता येत नाही. चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. माझा हात चुकला, एका बाईनं मनगट धरलं, आणि एक म्हातारी फोन उचलायला शिकली नव्हती. एवढंच घडलं. ते एकमेकांत इतकं नेमकं कसं बसलं, याचंच मला नवल वाटतं.

नऊ वाजता विमलनं विचारलं, "तुमची गुढी?"

"उभारली नाही. तीन वर्षं झाली."

"का?"

"हातच होत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला समजावून सांगावं लागलं नाही. अंगणातल्या कडुलिंबाची डहाळी तिनं मोडून घेतली, साखरेची एक गाठी पिशवीत टाकली, आणि केतकीला म्हणाली, "गाडी काढ. विजय नगरला जायचंय, वहिनींच्या घरी." अकराच्या आत आम्ही माझ्या गॅलरीत होतो. दारामागची काठी विमलनं धुतली, माझी अबोली पैठणी बांधली, वर तांब्या पालथा घातला. तो पालथा तांब्या मला जन्मात कधी खटकला नव्हता हे तेव्हा लक्षात आलं. उलटी गोष्टही शुभ असते, हे मी दर वर्षी डोळ्यांनी पाहत होते. मग ती म्हणाली, "वहिनी, धरा काठी." मी धरली, तिनं गॅलरीच्या गजाला नाडीनं बांधली. जरा डावीकडे झुकली. केतकी म्हणाली, काकू, सरळ करू? मी हात पदराला पुसले आणि म्हटलं, राहू दे. मग तुमचा फोन आला.

पुण्याला जाण्याच्या आदल्या दिवशी विमल मला घेऊन खजराण्याला गेली. आता मी काय काढायचं, हा मला प्रश्न होता. मागणं कधी काढलंच नव्हतं, आणि आभार तर काढून झालेले. शेवटी मी काहीच काढलं नाही. नुसती हात जोडून उभी राहिले. पंच्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा देवापुढे माझ्याजवळ ना यादी होती ना दुरुस्ती. नवी सुरुवात म्हणजे आपण काहीतरी नीटनेटकं उभारणं, असं मी दर जानेवारीत डायरीच्या पहिल्या पानावर लिहीत आले. या वर्षी जे सुरू झालं ते माझ्या हाताच्या चुकीतून सुरू झालं, आणि टिकलं ते हात आवरला तेव्हा. डायरीच्या त्या एका ओळीपुढे मी अजून खूण केलेली नाही. ती माझी करायची नाही असं वाटतं.

विमलनं मात्र कुंकवात बोट बुडवलं आणि एका झटक्यात सुंदर उलटं स्वस्तिक काढलं. सत्तराव्या वर्षी नव्या गावी निघालेली बाई, तिला मागायला पुष्कळ असणार. मी विचारलं नाही. तीच माझ्याकडे बघून हसली.

"आता हे सरळ करायला इंदूरला यावंच लागेल ना, वहिनी?"